बी.एस्सी. करून दंतवैद्य होता येते का?

मावळातल्या शाळा-कॉलेजांत विज्ञानावर बोलायला गेले की कार्यक्रम संपल्यावर मुले-मुली भोवती जमतात. पहिले दोन-तीन प्रश्न विज्ञानाचे असतात, मग प्रवेशाचे सुरू होतात. त्यांतला एक प्रश्न अलीकडे वारंवार येतो. "मॅडम, नीटला मार्क कमी पडले तर बी.एस्सी.ला बायोलॉजी घेऊन नंतर डेंटलला जाता येईल ना? माझी आतेबहीण अमेरिकेत तसंच करतेय."

बेगडेवाडीसारख्या ठिकाणी राहणाऱ्या मुलीच्या दृष्टीने हा प्रश्न अगदी स्वाभाविक आहे. देहूरोड आणि घोरावाडी यांच्यामधले हे छोटे स्टेशन. लोकलने एका दिशेला गेले की तळेगाव, तिथे इंद्रायणी महाविद्यालय. दुसऱ्या दिशेला गेले की पिंपरी, तिथे डॉ. डी. वाय. पाटील दंत महाविद्यालय. रूळ एकच, तेव्हा आधी तळेगावची गाडी पकडून तीन वर्षांनी पिंपरीची पकडावी, असे वाटले तर नवल नाही. पण शिक्षणाचे रूळ असे जोडलेले नाहीत. आतेबहीण सांगते ते खरे आहे, आणि तरीही ते आपल्याकडे जसेच्या तसे लागू होत नाही. असे का, हे शिक्षकांना नीट माहीत असायला हवे, कारण यात मुलांची वर्षे आणि पालकांचे पैसे गुंतलेले असतात.

दोन देश, दोन वाटा

दंतवैद्यक शिकवणारे जगातले पहिले कॉलेज १८४० साली अमेरिकेत बाल्टिमोर येथे निघाले. पुढच्या काही दशकांत तिथे अशी कॉलेजे भराभर निघाली. त्यांतली बरीचशी खाजगी होती आणि नफ्यासाठी चालवलेली होती. दात काढणे, कवळी बसवणे ही कारागिरी तेवढी शिकवली जाई, शरीरशास्त्राशी संबंध बेताचाच. हे चित्र बदलण्यात ज्याचा मोठा वाटा होता तो माणूस दंतवैद्य नव्हता. विल्यम गीज हे कोलंबिया विद्यापीठात जीवरसायनशास्त्राचे प्राध्यापक होते. कार्नेगी फाउंडेशनसाठी त्यांनी अमेरिका आणि कॅनडातल्या दंत महाविद्यालयांना भेटी देऊन १९२६ साली एक सविस्तर अहवाल प्रसिद्ध केला. दंतवैद्यक हा वैद्यकाच्याच तोलाचा विषय आहे, तो विद्यापीठातच शिकवला पाहिजे आणि त्याआधी विद्यार्थ्याचे कॉलेजचे सामान्य शिक्षण झालेले असले पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. अमेरिकेतली 'प्री-डेंटल' पद्धत पक्की होण्यात या अहवालाचा मोठा हात आहे. आज तिथले बहुतेक विद्यार्थी चार वर्षांची पदवी घेतात, डॅट नावाची प्रवेशपरीक्षा देतात आणि मग चार वर्षे दंतवैद्यक शिकतात. पदवी जीवशास्त्रातच हवी असा नियम नाही, मात्र जीवशास्त्र, रसायनशास्त्र आणि भौतिकशास्त्राचे ठरावीक पाठ्यक्रम प्रयोगांसह पूर्ण करावे लागतात. ते बायोलॉजीच्या पदवीत आपोआप होतात, म्हणून बहुतेक जण तीच घेतात.

आपल्याकडे दंतवैद्यकाच्या शिक्षणाची सुरुवात १९२० साली कलकत्त्यात डॉ. रफीउद्दीन अहमद यांनी केली. ते स्वतः अमेरिकेत, आयोवा विद्यापीठात शिकून आले होते. मुंबईत नायर रुग्णालयाशी निगडित असलेले दंत महाविद्यालय १९३३ सालचे. त्या काळी आणि पुढेही बरीच वर्षे मॅट्रिकनंतर कॉलेजात जाऊन 'इंटर सायन्स' व्हावे लागे आणि मग मेडिकल-डेंटलचे दार उघडे. म्हणजे आधी कॉलेज, मग व्यवसायशिक्षण, असाच क्रम थोडक्या प्रमाणात इथेही होता. १९७०च्या दशकात दहा अधिक दोन अधिक तीन हा आकृतिबंध आला आणि इंटरची जागा बारावीने घेतली. म्हणून माझ्या मते आपला 'प्री-डेंटल' अभ्यासक्रम म्हणजे अकरावी-बारावी. आतेबहीण चार वर्षांत ज्याची तयारी करते, ती इथे दोन वर्षांत करून घेण्याची अपेक्षा आहे. ही अपेक्षा रास्त आहे की नाही हा वादाचा विषय आहे, पण व्यवस्था तशी आहे.

आता नियम. बी.डी.एस.चा प्रवेश, कॉलेज सरकारी असो, खाजगी असो की अभिमत विद्यापीठाचे, नीटच्या गुणांवरच होतो. अभ्यासक्रम चार वर्षांचा आणि त्यापुढे एक वर्ष आंतरवासिता. बी.एस्सी. झालेल्याला नीट देता येते, पण आधी बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी हे विषय घेऊन तो उत्तीर्ण झालेला हवा. वयाची खालची मर्यादा १७ वर्षे, वरची मर्यादा आज नाही. म्हणजे दार बंद नाही. परंतु बी.एस्सी.चे गुण प्रवेशासाठी धरले जात नाहीत, पदवीधरांसाठी वेगळ्या जागा नाहीत, आणि प्राणिशास्त्राची पदवी हातात असली तरी बी.डी.एस.च्या पहिल्या वर्षापासूनच सुरुवात करावी लागते. साधा हिशेब करा. बारावीनंतर थेट गेलेली मुलगी तेविसाव्या वर्षी दंतवैद्य होते, पदवी घेऊन गेलेली सव्विसाव्या वर्षी.

याहून मोठी अडचण भौतिकशास्त्राची आहे. नीटमध्ये १८० प्रश्न असतात. जीवशास्त्राचे ९०, रसायनाचे ४५ आणि भौतिकशास्त्राचे ४५. सगळे अकरावी-बारावीच्या अभ्यासक्रमावर. बी.एस्सी.ला वनस्पतिशास्त्र किंवा प्राणिशास्त्र मुख्य विषय घेतलेल्या विद्यार्थ्याचा भौतिकशास्त्राशी संबंध हळूहळू तुटतो. तिसऱ्या वर्षापर्यंत तो आनुवंशशास्त्रात पारंगत झालेला असतो आणि प्रक्षेप्याच्या गतीचे समीकरण साफ विसरलेला असतो. ज्यांना बारावीत नीटने अडवले, त्यांतल्या पुष्कळांना भौतिकशास्त्रानेच अडवलेले असते. तेव्हा 'बी.एस्सी. करता करता नीटची तयारी होईल' हे वाक्य मुलांच्या तोंडी आले की शिक्षकांनी तिथेच थांबवावे. पुन्हा प्रयत्न करायचाच असेल तर तो बारावीनंतरच्या पहिल्या वर्षात करावा, भौतिकशास्त्र ताजे असताना. तीन वर्षांनी नव्हे.

मग जीवशास्त्र कशाला?

इथपर्यंत वाचून कोणाला वाटेल की दंतवैद्य होण्यासाठी जीवशास्त्राची पदवी म्हणजे वाया गेलेली वर्षे. प्रवेशाच्या हिशेबात ते बरोबर आहे, पण विषयाच्या हिशेबात नाही. बी.डी.एस.च्या पहिल्या दोन वर्षांचे विषय पाहा. शरीररचनाशास्त्र, भ्रूणविज्ञान, ऊतिविज्ञान, शरीरक्रियाशास्त्र, जीवरसायन, सूक्ष्मजीवशास्त्र. हे सगळे जीवशास्त्रच आहे. आणि दात ही गोष्ट अशी आहे की तिच्याभोवती निम्मे जीवशास्त्र शिकवता येते.

बोकडाचा जबडा घ्या. खाटकाकडे सहज मिळतो, उकळून स्वच्छ केला की वर्षानुवर्षे टिकतो. ज्यांना चालणार नाही त्यांनी गोठ्यात जाऊन गाय रवंथ करताना पाहावी. वरच्या जबड्यात पुढे एकही दात नाही, नुसती कठीण हिरडी. खाली मात्र आठ दात, त्यांतले सहा पटाशीचे आणि कडेचे दोन सुळे, पण हे सुळे पटाशीच्या दातांसारखेच दिसतात. मागे वर-खाली दोन्हीकडे सहा-सहा दाढा आणि उपदाढा. मोजा. वरच्या जबड्यात एका बाजूला ६, खाली १०, दोन्ही बाजू मिळून ३२. माणसाचेही ३२! संख्या तीच, मांडणी मात्र पूर्ण निराळी, कारण एकाला गवत ओढून तोडायचे आहे आणि दुसऱ्याला जवळजवळ काहीही खायचे आहे. दंतसूत्र पाठ करून घेण्याऐवजी हा जबडा बाकावर ठेवला तर मुले स्वतःच सूत्र लिहितात. मावळात तर बैलाचे वय दातांवरून सांगणारी माणसे गावोगाव आहेत. आदत, दोन दाती, चार दाती, जुळलेला हे शब्द मुलांनी शर्यतीच्या घाटात ऐकलेले असतात. दुधाचे दात पडून कायमचे येण्याचा क्रम ठरलेला असतो, एवढेच त्यामागचे विज्ञान. माणसाच्या मुलाचे वय दातांवरून ठरवताना दंतवैद्यही तेच तत्त्व वापरतात.

दातावरचे पांढरे कवच, म्हणजे एनॅमल, हा शरीरातला सर्वांत कठीण पदार्थ. त्याच्या वजनातला सुमारे ९६ टक्के भाग खनिज असतो. तो तयार करणाऱ्या पेशी रोज सुमारे ४ मायक्रोमीटरचा थर घालत जातात. दात हिरडीतून बाहेर येईपर्यंत या पेशींचे काम संपलेले असते आणि त्या नाहीशा होतात. हाड मोडले तर जुळते, कातडी भरून येते, पण किडलेले एनॅमल पुन्हा उगवत नाही ते यामुळे. दवाखान्यातले दात भरण्याचे सगळे काम या एका वस्तुस्थितीवर उभे आहे.

याची दुसरी बाजूही आहे. जे पुन्हा घडत नाही ते पुसलेही जात नाही. एनॅमल घडत असताना मूल आजारी पडले, उपासमार झाली, तर त्या दिवसांच्या थरात खोट राहते आणि ती दातात कायमची नोंदली जाते. दुधाच्या दातांचे एनॅमल आईच्या पोटातच बनू लागते, त्यामुळे जन्माच्या वेळची सूक्ष्म रेघसुद्धा दाताच्या पातळ छेदात दिसते. आपल्याच जिल्ह्यात, शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव येथे पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ पासून पुढे अनेक वर्षे उत्खनन केले. सुमारे इसवी सनपूर्व १६०० ते ७०० या काळातली ही ताम्रपाषाणयुगीन वस्ती. घरांच्या जमिनीखाली मातीच्या भांड्यांत पुरलेली लहान मुले तिथे मोठ्या संख्येने सापडली. सुभाष वाळिंबे आणि अमेरिकेतील जॉन लुकाक्स यांनी त्या सांगाड्यांचा, विशेषतः दातांचा, अभ्यास केला. दुधाच्या सुळ्यांच्या एनॅमलमधले खळगे मोजून त्यांनी ते बदलते हवामान आणि बदलती उपजीविका यांच्याशी जोडून पाहिले. त्यांचा तो निबंध १९९८ सालचा. दुधाच्या सुळ्याचा वरचा भाग गर्भात बनायला लागतो आणि पहिल्या वाढदिवसाच्या आत पुरा होतो, म्हणजे तीन हजार वर्षांपूर्वीच्या एका तान्ह्या बाळाच्या पहिल्या काही महिन्यांची ही नोंद झाली. असले काम करायला बी.डी.एस. लागतेच असे नाही. डेक्कन कॉलेजात पुरातत्त्वाच्या पदव्युत्तर अभ्यासाला कोणत्याही शाखेचा पदवीधर जाऊ शकतो, आणि जीवशास्त्र शिकलेला विद्यार्थी तिथे फार उपयोगी पडतो.

कीड लागण्याची गोष्ट तर निम्मी रसायनशास्त्राची आहे. १६८३ साली लेवेनहूकने आपल्या दातांवरचा पांढरा मळ भिंगाखाली पाहिला आणि त्यात हलणारे जीव पाहून तो थक्क झाला. त्यांचा किडीशी संबंध जुळायला आणखी दोन शतके गेली. बर्लिनमध्ये काम करणाऱ्या विलोबी मिलर या अमेरिकन दंतवैद्याने १८९० साली मांडले की तोंडातले जिवाणू पिष्ट आणि साखर आंबवून आम्ल तयार करतात आणि ते आम्ल दाताचे खनिज विरघळवते. आज आपल्याला माहीत आहे की सामू साधारण ५.५ च्या खाली गेला की एनॅमलमधले हायड्रॉक्सिअ‍ॅपटाइट विरघळू लागते. १९४०च्या दशकात स्टीफन या संशोधकाने साखरेच्या पाण्याने चूळ भरल्यावर दातावरच्या थरातला सामू मोजला. तो काही मिनिटांतच झपाट्याने उतरतो आणि मूळपदावर यायला अर्धा ते एक तास घेतो.

या आलेखाचा अर्थ मुलांना लोणावळ्याच्या चिक्कीवरून चांगला समजतो. जेवणाबरोबर चिक्कीचा मोठा तुकडा खाल्ला तर सामू एकदा उतरतो. तीच चिक्की लोणावळ्याहून पुण्यापर्यंत लोकलमध्ये थोडीथोडी चघळली तर तो वर यायच्या आतच पुन्हा उतरतो, आणि चिकट असल्याने साखर दाताला धरूनही राहते. एकूण साखर तेवढीच, नुकसान मात्र अधिक. हे नुसते तर्काने सांगितलेले नाही. स्वीडनमधील विपेहोम येथे १९४५ नंतर काही वर्षे प्रयोग झाला, त्यात जेवणांच्या मधे चिकट टॉफी खाणाऱ्यांचे दात सर्वांत वेगाने किडले. पण हा प्रयोग बौद्धिक अपंगत्व असलेल्या, संस्थेत ठेवलेल्या माणसांवर त्यांच्या संमतीशिवाय केलेला होता. निष्कर्ष वर्गात सांगाल तेव्हा ही बाजूही सांगा. दंतवैद्य होऊ पाहणाऱ्याने ती लवकर ऐकलेली बरी.

बी.एस्सी.ला गेलीच असेल तर

काही मुली या सगळ्या हिशेबानंतरही बी.एस्सी.लाच जातील. नीटचा आणखी एक प्रयत्न मनात ठेवून जाणाऱ्यांना माझा सल्ला असा की विषय निवडताना रसायनशास्त्र सोडू नये, आणि शक्य असेल तर पहिल्या वर्षी भौतिकशास्त्रही ठेवावे. कॉलेजच्या अभ्यासाखेरीज अकरावी-बारावीची पुस्तके रोज उघडावी लागतील हे आधीच मान्य करावे. आणि एक तारीख ठरवून घ्यावी, की या निकालानंतर पुन्हा नाही. वर्षे अशीच सरकतात. घरच्यांना हे सांगणे मुलांना जड जाते, तिथे शिक्षकांचा शब्द कामी येतो. दंत-आरोग्यक आणि दंत-यंत्रज्ञ असे दोन वर्षांचे अभ्यासक्रमही असतात. त्यांतून डॉक्टर होता येत नाही, पण दवाखान्यात आणि कवळ्यांच्या प्रयोगशाळेत कुशल काम मिळते. त्यांची माहिती आपल्याकडे फार कमी लोकांना असते.

'इथे बी.एस्सी. करून मग अमेरिकेत डेंटलला' हाही एक बेत ऐकायला येतो. तिथली बहुतेक दंत महाविद्यालये आवश्यक पाठ्यक्रम अमेरिकेतल्याच कॉलेजात केलेले असावेत अशी अपेक्षा ठेवतात, त्यामुळे आपली तीन वर्षांची पदवी पुरी पडत नाही. खर्चाबद्दल तर बोलायलाच नको. इथून जे दंतवैद्य तिकडे जातात ते बहुधा आधी बी.डी.एस. होतात, तिथली परीक्षा देतात आणि परदेशी पदवीधरांसाठी असलेल्या दोन-तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात शिरतात.

राहता राहिला हात. अमेरिकेतल्या डॅटमध्ये आकृत्या मनात फिरवून पाहण्याचे ९० प्रश्न असतात. पूर्वी त्या परीक्षेत खडूचा तुकडा देऊन दिलेल्या मापाचा आकार कोरायला सांगत. आपल्या बी.डी.एस.च्या पहिल्या वर्षाला मेणाच्या ठोकळ्यातून दात कोरायला शिकवतात, आणि जीवशास्त्रात उत्तम गुण मिळवून गेलेली कितीतरी मुले तिथे अडखळतात. नीट हे काही तपासत नाही. ज्या मुलीला खरोखर या वाटेने जायचे आहे तिला एक खडू द्या. वरच्या जबड्यातल्या मधल्या दाताचा दिसणारा भाग सुमारे १०.५ मिलिमीटर उंच आणि ८.५ मिलिमीटर रुंद असतो, खालचे मूळ १३ मिलिमीटर. खडूची जाडी जवळजवळ तेवढीच असते. पाते देऊ नका, पट्टीची कड आणि कंपासपेटीतले कर्कटक पुरे. पुढची बाजू किंचित फुगीर, मागची खोलगट, दोन कोपऱ्यांपैकी मधल्या रेषेजवळचा टोकदार आणि बाहेरचा गोलसर. स्वतःचा दात आरशात पाहून कोरायचा. पहिले दोन-तीन खडू मोडतीलच. चौथ्या-पाचव्यालाही ती कंटाळली नाही, आणि उजवा झाल्यावर डावा करायला बसली, तर नीटच्या गुणपत्रिकेत न दिसणारी एक गोष्ट तिला आणि तुम्हाला कळलेली असेल.